वाचकांचे प्रश्न : जमिनीलगतच्या छायाचित्रणासाठी कॅमेरा कसा निवडावा?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून पावसाळ्याच्या अखेरीस कास, चाळकेवाडी आणि मसाई पठारांवर रानफुलांची छायाचित्रे काढते. माझ्याकडे जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आहे. त्याची स्क्रीन पाठीला पक्की बसवलेली आहे. बोटभर उंचीच्या फुलाचे छायाचित्र त्याच्याच पातळीवरून घ्यायचे तर पोटावर झोपावे लागते आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ते आता जमत नाही. नवा कॅमेरा घ्यावा का? घेतला तर काय पाहून घ्यावा? दुकानात विचारले की मेगापिक्सेलचेच आकडे सांगतात. हँडीकॅमने हे काम होईल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या कामासाठी कॅमेऱ्याची निवड मेगापिक्सेलपासून नव्हे, तर स्क्रीनच्या बिजागरीपासून सुरू करावी. आज मिळणाऱ्या बहुतेक सर्व कॅमेऱ्यांचे मेगापिक्सेल छापील अंकासाठी आणि घरात लावायच्या मोठ्या प्रतीसाठी पुरेसे असतात. स्क्रीन कोणत्या दिशेने आणि किती वळते, यात मात्र एकाच किमतीच्या दोन कॅमेऱ्यांमध्येही मोठा फरक असतो, आणि आपल्याला ते छायाचित्र मिळेल की नाही हे त्या फरकावरच ठरते.

पठारावर जांभ्या खडकावरचा मातीचा थर इतका पातळ असतो की सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू यांसारख्या वनस्पती जमिनीपासून फार वर येतच नाहीत. उभ्याने खाली वाकून छायाचित्र घेतले तर पाकळ्यांचा माथा आणि मागे ओली माती एवढेच दिसते. देठाचा बाक, फुलाचा बाजूने दिसणारा आकार, मागे दूरवर पसरलेला फुलांचा पट्टा आणि त्यावरचे ढग हे सारे लेन्स फुलाच्या पातळीवर आल्याशिवाय दिसत नाही. साधारण आकाराचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा जमिनीवर ठेवला तर त्याच्या लेन्सचा मध्य जमिनीपासून ४ ते ५ सेंटिमीटर वर येतो. म्हणजे कॅमेरा योग्य जागी पोहोचतोच. अडचण आपला डोळा तिथे नेण्याची असते.

ही अडचण दूर करणाऱ्या स्क्रीन तीन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात स्क्रीन फक्त वर-खाली झुकते. कॅमेरा जमिनीवर ठेवून, विहिरीत डोकावावे तसे वरून पाहता येते, आणि स्क्रीन लेन्सच्या बरोबर मागे राहत असल्यामुळे नेम धरणे सोपे जाते. सोनी ए६४०० आणि निकॉन झेड५० यांची स्क्रीन या प्रकारची आहे. पण चौकट उभी करायची म्हणून कॅमेरा एका बाजूवर उभा केला की तीच स्क्रीन बाजूला तोंड करते आणि निरुपयोगी ठरते. उंच देठाच्या फुलाला, उदाहरणार्थ एखाद्या हबेनारिया ऑर्किडला, उभी चौकटच हवी असते. त्यामुळे फुलांसाठी केवळ झुकणारी स्क्रीन मला अपुरी वाटते.

दुसऱ्या प्रकारात स्क्रीन डाव्या बाजूच्या बिजागरीवर दारासारखी उघडते आणि स्वतःभोवती फिरते. कॅननचे आर५० आणि आर१०, निकॉनचा झेड५० टू, सोनीचा ए६७०० आणि ओएम सिस्टीमचा ओएम-५ हे या प्रकारचे कॅमेरे आहेत. आडव्या चौकटीत स्क्रीन लेन्सच्या डावीकडे राहते, त्यामुळे सुरुवातीला नेम थोडा चुकतो, आणि दाट गवतात उघडलेली स्क्रीन अडकतेही. उभ्या चौकटीत मात्र हीच रचना कामाला येते, पण कॅमेरा कोणत्या बाजूने वळवायचा हे पाहावे लागते. मुठीची बाजू खाली आणि बिजागरीची बाजू वर येईल असा कॅमेरा धरावा, आणि स्क्रीनचा दिसणारा भाग बाहेर ठेवून ती काटकोनात उघडावी. मग ती आकाशाकडे तोंड करून उघडते आणि वरून आरामात पाहता येते. उलट बाजूने धरले तर बिजागरी जमिनीकडे जाते आणि स्क्रीन उघडायला जागाच उरत नाही. मुठीची बाजू खाली असली की शटरचे बटण जमिनीच्या अगदी जवळ जाते, म्हणून स्क्रीनला स्पर्श करून छायाचित्र घेण्याची सोय किंवा दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर वापरावा.

तिसऱ्या प्रकारात या दोन्ही सोयी एकत्र केलेल्या आहेत. फुजीफिल्मचे एक्स-टी२, एक्स-टी३ आणि एक्स-टी५ यांची स्क्रीन वर-खाली झुकते आणि उभ्या चौकटीसाठी एका बाजूलाही झुकते. मधल्या एक्स-टी४ची स्क्रीन मात्र दारासारखी उघडणारी आहे, तेव्हा जुना कॅमेरा घेताना एका अंकाच्या फरकानेही गफलत होऊ शकते. २०२२ मधला सोनी ए७आर फाइव्ह आणि २०२३ मधला निकॉन झेड८ यांची रचना याहून पुढची आहे, पण ते वजनाने आणि किमतीनेही जड आहेत. त्यांच्यासाठी आपण हात आखडता घ्यावा असेच मी म्हणेन. नावातल्या साम्यावरही विसंबू नये. कॅननच्या आर५० आणि आर१० यांच्याच मालिकेतला सर्वांत स्वस्त आर१०० पक्क्या स्क्रीनचा आहे, आणि स्वस्त म्हणून तो घेतला तर आपली मूळ अडचण तशीच राहील.

ही सोय काही नवी नाही. १९९५ मध्ये कॅसिओने क्यूव्ही-१० हा मागे रंगीत स्क्रीन असलेला डिजिटल कॅमेरा आणला, तेव्हाच त्याची लेन्स शरीरापासून वेगळी फिरत होती आणि कॅमेरा खाली धरून वरून पाहता येत होते. लेन्स बदलता येणाऱ्या डीएसएलआरमध्ये ही सोय २००६ साली ऑलिम्पसच्या ई-३३०ने आणली. इतके असूनही आज पक्क्या स्क्रीनचे कॅमेरे विकले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्यासमोर दोन मार्ग आहेत. जुन्या लेन्स चांगल्या असतील आणि खर्च मर्यादित ठेवायचा असेल, तर त्याच कंपनीचा फिरत्या स्क्रीनचा वापरलेला डीएसएलआर पाहावा. येथे एक गोष्ट तपासणे अत्यावश्यक आहे. डीएसएलआरमध्ये स्क्रीनवर पाहताना फोकस होण्याची पद्धत वेगळी असते आणि अनेक मॉडेलांत ती संथ असते. कॅननने २०१३ मध्ये ७०डीपासून चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरच फोकस करणारी जी रचना आणली, तिच्यामुळे ७०डी, ८०डी आणि २००डी हे कॅमेरे स्क्रीनवरही चटकन फोकस करतात. निकॉनच्या डी५३०० किंवा डी५६०० यांची स्क्रीन छान फिरते, पण त्या वेळचा फोकस सावकाश असतो. वारा नसताना फुलासाठी तो चालून जातो, फुलावर बसलेल्या माशीसाठी नाही.

दुसरा मार्ग नव्या मिररलेसचा, आणि गुडघ्यांची तक्रार लक्षात घेता मी आपल्याला तोच सुचवीन, कारण पठारावर चालताना खांद्यावरचे वजनही गुडघ्यांवरच येते. माझी पहिली पसंती ओएम-५ आणि त्याची ६० मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स या जोडीला आहे. बॅटरीसह कॅमेरा सव्वाचारशे ग्रॅमच्या आत आणि लेन्स १८५ ग्रॅम, दोन्हींना पावसाच्या शिंतोड्यांपासून संरक्षण, आणि स्क्रीन दुसऱ्या प्रकारची. त्याचा सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटर म्हणजे मोठ्या ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरपेक्षा बराच लहान आहे. मंद प्रकाशात हे थोडे उणे ठरते. पण फुलाच्या अगदी जवळून छायाचित्र घेताना तेवढ्याच छिद्रमानाला (लेन्सच्या छिद्राच्या मापाला) आणि तेवढ्याच चौकटीत अधिक खोलीपर्यंतचा भाग स्पष्ट येतो, आणि चिमुकल्या फुलांसाठी हा गुणच आहे. जुन्या कॅनन किंवा निकॉन लेन्स त्या-त्या कंपनीच्या मिररलेसवर ॲडॅप्टर लावून वापरता येतात. निकॉनच्या ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्यांचा फोकस मात्र निकॉनच्या ॲडॅप्टरवर हातानेच करावा लागतो.

लेन्सचे किमान अंतर वाचताना ते सेन्सरपासून मोजलेले असते हे ध्यानात ठेवावे. ६० मिलिमीटरच्या त्या लेन्सचे १९ सेंटिमीटर अंतर असेच आहे. लेन्सची लांबी वजा केली की फूल आणि काच यांच्यात त्याच्या निम्म्याहून कमी जागा उरते. १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सचे किमान अंतर साधारण ३० सेंटिमीटर असते. तिच्यामुळे फुलावर आपली सावली पडत नाही आणि वाटेवरूनही काम होते.

वाटेचा उल्लेख मी मुद्दाम करत आहे. कास पठाराचा २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत समावेश झाला, आणि पोटावर झोपून एका फुलाचे छायाचित्र घेताना आजूबाजूची कित्येक रोपे चिरडली जातात, हे तेथे वारंवार जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. फिरती स्क्रीन असली की वाटेच्या कडेला ठेंगण्या स्टुलावर बसून, हात लांब करून कॅमेरा खाली नेता येतो. आपल्या गुडघ्यांना आराम मिळतो आणि फुलांनाही इजा होत नाही.

बसणेही त्रासाचे होत असेल, तर मोनोपॉड (एकपायी दांडा) उलटा धरून त्याच्या खालच्या टोकाला कॅमेरा लावावा आणि वाय-फायने जोडलेल्या मोबाइलवर चित्र पाहून उभ्यानेच छायाचित्र घ्यावे. कॅमेरा उलटा लटकल्यामुळे छायाचित्र उलटे येते. ते नंतर संगणकावर सरळ करता येते. मोबाइलवरचे चित्र क्षणभर मागे राहते, म्हणून वारा थांबण्याची वाट पाहावी लागते. आपल्या सध्याच्या डीएसएलआरला वाय-फाय असेल, तर नवा कॅमेरा घेण्याआधी हाच प्रयोग करून पाहावा. डोळ्याच्या जागी लावायचा काटकोनी अँगल फाइंडरही मिळतो, पण त्याला डोळा चिकटवावाच लागतो, त्यामुळे आपल्या बाबतीत त्याचा उपयोग मर्यादित आहे.

दुकानात गेल्यावर कॅमेरा जमिनीवर ठेवायला मागावा आणि उभ्याने, मग बसून, आडव्या व उभ्या चौकटीत स्क्रीन दिसते का ते पाहावे. बाहेर उन्हात नेऊन स्क्रीनची उजळता तपासावी. व्ह्यूफाइंडरशेजारी (डोळा लावून पाहायच्या खिडकीशेजारी) डोळा ओळखणारा सेन्सर असतो. तो गवताची पात किंवा आपली बाहीही डोळा समजतो आणि ऐन वेळी स्क्रीन विझते. अनेक कॅमेऱ्यांत स्क्रीन बाहेर काढताच तो आपोआप बंद होतो. तसे होत नसेल तर मेनूमध्ये बंद करता येतो का, ते विचारून घ्यावे. क्षितिज सरळ दाखवणारी इलेक्ट्रॉनिक पातळीही हवी, कारण वरून पाहताना कॅमेरा कधी कलंडला हे कळत नाही. ट्रायपॉड घेणार असाल तर मधला दांडा काढता येणारा आणि पाय पूर्ण पसरणारा घ्यावा. नाही तर तांदूळ किंवा मूग भरलेली कापडी पिशवी कॅमेऱ्याखाली ठेवावी. ती कॅमेरा उत्तम धरते आणि हवा तसा कोनही देते.

हँडीकॅम या कामासाठी घेऊ नये. त्याची स्क्रीन सोयीने वळते, पण त्याचा सेन्सर बहुधा फार लहान असतो आणि स्थिर छायाचित्रांचा दर्जा कॅमेऱ्याच्या जवळपासही येत नाही.


प्रश्न : आमच्या मित्रांच्या गटाला आषाढी वारीचे चित्रीकरण चालणाऱ्या पावलांच्या उंचीवरून करायचे आहे. रिंगणातल्या अश्वाची धावही खालून टिपायची आहे. हँडीकॅम घ्यावा की मिररलेस? हँडीकॅम कालबाह्य झाले असे सगळे सांगतात.
— एक विद्यार्थी, फलटण

उत्तर : हँडीकॅमची नवी मॉडेले आता फार थोडी निघतात हे खरे, पण आपण सांगता त्या कामासाठी त्याची रचना अजूनही सर्वांत सोयीची आहे असे माझे मत आहे. त्याची स्क्रीन डावीकडे उघडते आणि वर तोंड करते. ज्या मॉडेलांना वरून धरायची मूठ असते किंवा जोडता येते, त्यांत मुठीवरच चित्रीकरण सुरू करण्याचे बटण आणि झूमची कळ अनेकदा दिलेली असते. त्यामुळे कॅमेरा हातात लटकवून, घोट्याच्या उंचीवर ठेवून, ताठ उभे राहून दिंडीबरोबर चालता येते. मिररलेसला हेच करायला वेगळी मूठ, वेगळे रिमोट आणि पुष्कळदा हिसके शोषून कॅमेरा स्थिर ठेवणारा गिंबल जोडावा लागतो.

आणखी दोन कारणे वारीच्या वाटेशी जोडलेली आहेत. पालखीच्या वाटेवर धूळ आणि पाऊस दोन्ही असतात, आणि मिररलेसची लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसली की ती पुढच्या प्रत्येक चित्रात डाग होऊन दिसते. हँडीकॅमची लेन्स बदलायचीच नसते आणि झूमचा पल्लाही मोठा असतो. दुसरे असे की लहान सेन्सरमुळे जवळचे पाऊल आणि मागची दिंडी दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. पावले सतत पुढे-मागे होत असताना मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला फोकस राखणे अवघड जाते.

सलग चित्रीकरणाचाही विचार करावा. युरोपीय संघात अर्ध्या तासाहून अधिक वेळ चित्रीकरण करणाऱ्या उपकरणांवर अधिक जकात लागत असे, त्यामुळे स्थिर छायाचित्रांचे कॅमेरे दीर्घकाळ २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर थांबत. नव्या अनेक मॉडेलांत ही मर्यादा राहिलेली नाही, पण वापरलेला कॅमेरा घेताना ती जरूर तपासावी. उन्हात ४के चित्रीकरण करताना लहान मिररलेस तापून बंद पडू शकतो, हेही गृहीत धरावे.

हँडीकॅमची उणी बाजू संध्याकाळी दिसते. पालखीतळावरची समाजआरती आणि तंबूतले भजन यांच्या मंद प्रकाशात मोठ्या सेन्सरचा मिररलेस निर्विवाद सरस ठरतो. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे दिव्याखाली सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे, म्हणजे चित्रात लुकलुक येत नाही. गटातल्या एखाद्याकडे मिररलेस आधीच असेल, तर तो रात्रीसाठी ठेवावा आणि दिवसाच्या चित्रीकरणासाठी हँडीकॅम काही दिवस भाड्याने घ्यावा. पुण्यात अशी उपकरणे भाड्याने मिळतात. विकत घेण्याचा निर्णय त्यानंतर करावा.

चालताना येणारा धक्का ही खालच्या कोनातली सर्वांत मोठी अडचण आहे, कारण जमीन जवळ असली की थोडासा हिसकाही मोठा दिसतो. झूम पूर्ण मागे घेऊन रुंद कोनातच चालावे. गिंबल वापरायचा असेल तर तो उलटा लटकवून वापरावा. डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ हा २०२३ मधला छोटा कॅमेरा गिंबलसह येतो आणि त्याचा एक इंची सेन्सरही या आकाराच्या मानाने चांगला आहे, पण त्याला पाण्यापासून संरक्षण नाही. भर पावसात गोप्रोसारखा ॲक्शन कॅमेरा बरा. टाळ-मृदंगाचा नाद कॅमेऱ्याच्या आतल्या मायक्रोफोनला फाटका ऐकू येतो, म्हणून आवाजाची पातळी हाताने कमी ठेवावी आणि शक्य असेल तर वेगळ्या रेकॉर्डरवर ध्वनी घ्यावा.

रिंगणासाठी मात्र कॅमेरा अश्वाच्या वाटेत मुळीच ठेवू नये. चांदोबाचा लिंब येथील उभ्या रिंगणात वारकऱ्यांच्या दोन ओळींमधून अश्व धावतो, आणि तेथे जमिनीवर ठेवलेली कोणतीही वस्तू अश्वाला आणि स्वाराला धोकादायक ठरते. कडेला वारकऱ्यांमध्ये बसून, कॅमेरा मांडीच्या खाली धरून, झूमने टापा टिपाव्यात. अश्व गेल्यानंतर वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. खालच्या कोनाला खरा अर्थ त्या क्षणी येतो, म्हणून अश्व पुढे गेला तरी कॅमेरा लगेच बंद करू नये.


प्रश्न : पहिल्या पावसात आमच्याकडच्या सड्यावर (उघड्या कातळावर) बेडूक निघतात. भर पावसात, रात्री, पाण्याच्या डबक्याच्या काठावरून त्यांची छायाचित्रे घ्यायची आहेत. मोठा कॅमेरा भिजवायची भीती वाटते.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : या कामासाठी ऑलिम्पसचा टीजी-६ किंवा त्याच्यानंतर २०२३ मध्ये ओएम सिस्टीमच्या नावाने आलेला टीजी-७ पाहावा. तो १५ मीटर खोल पाण्यात चालतो, त्यामुळे डबक्यात अर्धा बुडवून बेडकाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणता येतो, आणि त्याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून १ सेंटिमीटरवरची वस्तूही स्पष्ट येते. लेन्सभोवती लावायचे एलजी-१ हे कडे कॅमेऱ्याचाच एलईडी प्रकाश चारी बाजूंनी पसरवते. ते रात्री फार उपयोगी पडते.

त्याची स्क्रीन पक्की आहे, हा त्याचा ठळक दोष. मोबाइल जोडून तो बराचसा भरून काढता येतो, पण मग मोबाइल पावसापासून जपावा लागतो. सेन्सर लहान असल्यामुळे अंधारात प्रकाशाशिवाय चांगले छायाचित्र येणार नाही. बेडकाची त्वचा पाणी आणि त्यात विरघळलेले पदार्थ शोषून घेते, म्हणून डासांचे मलम लावलेल्या हाताने त्याला उचलून जागेवर बसवण्याचा मोह टाळावा. घरी आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्याने धुऊन, कोरडा करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. कोकणच्या दमट हवेत लेन्सवर बुरशी यायला वेळ लागत नाही.


प्रश्न : नातू रांगू लागला आहे. त्याच्या उंचीवरून छायाचित्रे आणि चित्रफिती घ्याव्यात म्हणून कॅमेरा घ्यायचा विचार आहे. मोबाइल पुरेसा होईल का?
— एक आजोबा, ठाणे

उत्तर : पुरेसा होईल, कारण रांगणारे मूल थांबत नाही आणि हाताशी असलेला कॅमेराच कामाला येतो. मोबाइलची लेन्स वरच्या कोपऱ्यात असते, म्हणून तो उलटा धरावा. लेन्स फरशीपासून जेमतेम बोटभर उंचीवर येते आणि चित्र बहुतेक मोबाइलमध्ये आपोआप सरळ होते. चित्रफीत घेताना मात्र आधी उलटा धरावा आणि मगच सुरू करावी, मध्येच फिरवू नये. मधोमध दुमडणारा मोबाइल घरात असेल तर तो काटकोनात उघडून फरशीवर ठेवावा, म्हणजे तो स्वतःच उभा राहतो आणि आपल्याला शेजारी बसून नातवाला हाक मारता येते. खिडकी आपल्या पाठीमागे राहील अशी जागा निवडावी आणि फ्लॅश बंद ठेवावा.